रॉकेटचा तोल

मुलांनो, तळहातावर एक लांब काठी उभी धरून पाहा. काठी ज्या बाजूला झुकते, त्या बाजूला तुम्ही हात नेता. हात कमी हलला तर काठी पडते आणि जास्त हलला तरीही पडते. रॉकेटचेही असेच असते. त्याचा तोल राखण्यासाठी संगणक इंजिनाचे तोंड किंचित वळवत राहतो.

परंतु इंधन जळते तसे रॉकेट हलके होते. वाराही बदलतो. मग इंजिन किती जोराने वळवावे? हा जोर उड्डाण चालू असतानाच कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेला 'अनुकूली नियंत्रण' म्हणतात.

अमेरिकेच्या एक्स-१५ या रॉकेट-विमानात अशी यंत्रणा होती. २० डिसेंबर १९६१ रोजी नील आर्मस्ट्राँग यांनी तिची पहिली हवाई चाचणी घेतली. हेच आर्मस्ट्राँग १९६९ साली चंद्रावर उतरले.

१५ नोव्हेंबर १९६७ रोजी त्याच विमानातून मायकेल ॲडम्स सुमारे ८१ किलोमीटर उंचीवर गेले. तेथे विमान भरकटले आणि खाली येताना गरगर फिरू लागले. ॲडम्स यांनी ते गरगरणे थांबवले. पण आता यंत्रणाच विमानाला वरखाली हेलकावे देऊ लागली. तिने आपला जोर कमी करायला हवा होता. तो तिने केला नाही. विमान हवेतच तुटले आणि ॲडम्स मरण पावले. अपघाताची कारणे अनेक होती. त्यांपैकी हे एक.

पुढे 'नासा' या संस्थेने चंद्रावर जाणाऱ्या नव्या रॉकेटसाठी वेगळी यंत्रणा तयार केली. नेहमीचे नियंत्रण पुरेसे असेल, तर ती जवळजवळ गप्प राहते. रॉकेट मार्ग सोडू लागले तर ती जोर वाढवते. हेलकावे वाढले तर जोर कमी करते. तिला मर्यादाही घालून दिली आहे.

तिची हवाई चाचणी २०१३ साली झाली, पण रॉकेटवर नव्हे. एफ-१८ या लढाऊ विमानातील संगणकाने विमानाला रॉकेटसारखे वागायला लावले. काही वेळा वैमानिकाने स्वतः सुकाणू हाती घेतले. असे का? माणूस आणि यंत्र दोघेही एकाच वेळी तोल सावरू लागले, तर एकाची मदत दुसऱ्याला अडथळा ठरू शकते. विमानात काही बिघडले, तर वैमानिक यंत्रणा बंद करून परत येऊ शकतो. रॉकेटला मागे फिरता येत नाही.

१६ नोव्हेंबर २०२२ रोजी ते रॉकेट माणसांशिवाय चंद्राच्या दिशेने झेपावले, तेव्हा ही यंत्रणा त्यात होती.

मदत केव्हा करावी हे मदतनीसाला कळायला हवे. आणि हात केव्हा आवरावा, हेही कळायला हवे.