मेंढ्याला कर, डाळिंबाला माफी

२०२० साली सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाखांची बोली लागली. मालकानं दीड कोटी सांगितले, सौदा मोडला आणि बाकदार नाकाचा तो मेंढा आल्या वाटेनं घरी गेला. बातमी देशभर फिरली. बहुतेकांना आश्चर्य वाटलं ते किमतीचं. मला मात्र भलताच प्रश्न पडला: सौदा झाला असता, तर टॅक्स किती बसला असता?

आटपाडीत रिटर्न भरून देणाऱ्या एका ओळखीच्या कर सल्लागारांना मी तो विचारला. ते हसले. म्हणाले, "इथं कुणालाबी इचारा. शेतकऱ्याला टॅक्स नसतो, हेच सांगतील."

माझीही तीच समजूत होती. पण माफी माणसाला नाही, उत्पन्नाला आहे. कायदा बघतो तो पैशाचं मूळ कुठं रुजलंय हे, आणि 'मूळ' हा शब्द इथं अगदी शब्दशः घ्यायचा. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये राजा बिनय कुमार सहस रॉय खटल्यात शेती म्हणजे काय ते सांगितलं: जमीन नांगरणं, बी पेरणं, रोप लावणं, म्हणजे खुद्द जमिनीवर केलेली मेहनत. ती असेल तर पुढची खुरपणी, छाटणी, राखणसुद्धा शेतीच. ती नसेल तर नाही. डाळिंबाची मुळं मातीत, म्हणून डाळिंबाचा पैसा करमुक्त. त्याच बागेच्या बांधावर चरणाऱ्या मेंढीला मुळं नाहीत, चार पाय आहेत. म्हणून मेंढी, दूध, कोंबडी यांचं उत्पन्न करपात्र. धनगराला हे सांगून बघा. आयुष्य रानात काढलेल्या माणसाला कायदा म्हणतो, तुझा तो धंदा, शेती नव्हे.

मग रोपवाटिकेचं काय? पिशवीतलं डाळिंबाचं रोप धड जमिनीतही नाही. यावर बरीच भांडणं झाली आणि शेवटी २००८ च्या वित्त कायद्यानं जाहीर केलं की नर्सरीतल्या रोपांचं उत्पन्न शेतीचंच मानायचं. एका वाक्यानं पिशवीतली माती जमीन झाली!

ही माफी फार जुनी. १८६० साली जेम्स विल्सननं हिंदुस्थानात पहिला आयकर आणला, तेव्हा शेतीही त्यातून सुटलेली नव्हती. १८८६ च्या कायद्यानं शेतीचं उत्पन्न बाहेर काढलं. (तो कायदा ब्रिटिश मुलखाचा, आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती.) पुढं राज्यघटनेनं शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांच्या यादीत टाकला आणि केंद्राच्या यादीत 'शेतीखेरीज अन्य उत्पन्न' एवढंच ठेवलं. दिल्लीला डाळिंबाला हात लावता येत नाही, तो असा.

हात लावता येत नाही, पण बोट दाखवता येतं. ही गोष्ट कळली तेव्हा मी समोरच्या कॅल्क्युलेटरवर तीनदा आकडे मारून पाहिले.

समजा, तालुक्यातल्या एका नोकरदाराचा पगार प्रमाणित वजावट जाऊन १४ लाख आहे. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीच्या दरांनी त्यावर ९० हजार कर होतो. आता त्याच्या नावावर डाळिंबाची बाग आहे आणि खर्च वजा जाता तिचे ४ लाख सुटले. ते करमुक्त, म्हणजे कर ९० हजारच राहावा. तसं होत नाही. आधी दोन्ही उत्पन्नं मिळवायची: १८ लाख, त्यावरचा कर १ लाख ६० हजार. मग शेतीचे ४ लाख आणि मूळ सूट ४ लाख मिळून ८ लाखांवरचा कर काढायचा: २० हजार. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतात १ लाख ४० हजार. ज्या डाळिंबाला कर नाही, त्यानं पगारावरचा कर ५० हजारांनी चढवला. वर ४ टक्के उपकर वेगळा.

ही युक्ती १९७३ ची. आदल्या वर्षी के. एन. राज समितीनं शेतीवरच्या कराचा विचार केला होता, त्यातून ही निघाली. केंद्र शेतीवर कर लावत नाही, पण नोकरीचा दर ठरवताना पगाराला शेतीच्या खांद्यावर उभं करतं. नुसत्या शेतकऱ्याला याची झळ नाही. झळ आहे ती शाळा सुटल्यावर बागेत जाणाऱ्या गुरुजींना.

आता मेंढ्याकडे या. समजा, मेंढपाळाचा तो धंदा आहे, मेंढा विक्रीचा माल आहे, आणि ७० लाख बँकेतून आले. (रोखीत घेताच येणार नाहीत, एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याची बंदी आहे.) छोट्या धंद्यांसाठी ठरीव नफ्याची सोय आहे: बँकेतून आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के नफा धरायचा. ७० लाखांचे झाले ४ लाख २० हजार. दुसरी कमाई नसेल तर नव्या प्रणालीतल्या सवलतीनं कर शून्य. रिटर्न मात्र भरावंच लागेल. म्हणजे करपात्र मेंढ्याला शून्य आणि करमुक्त डाळिंबापायी ५० हजार! सल्लागार म्हणाले, "हे मी कुणाला तोंडी सांगत नाही. कागदावर मांडून दाखवतो. तोंडी सांगितलं तर म्हणतात, दुसरीकडं जातो."

त्यांच्या टेबलासमोर त्या दिवशी एक गुरुजी फॉर्म सोळा घेऊन बसले होते. त्यांचं दुःख वेगळं होतं.

"माझ्या साडूला चाळीस हजार रिफंड आला. मला कायच न्हाई. दीड लाख तर मीबी भरलेत."

"कुठली प्रणाली, गुरुजी?"

"नवीन."

"मग पीपीएफ आणि विम्याची वजावट धरता येत न्हाई त्यात."

गुरुजींच्या डोक्यात होतं की दीड लाख गुंतवले म्हणजे दीड लाख परत. जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यातून वाचायचे ३१,२०० रुपये, उपकर धरून. नव्यात तेही नाहीत, कारण दरच कमी ठेवलेत. आणि शाळेनं पगारातून बरोबर तेवढाच कर कापला असेल, तर रिफंड येणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! हा आड पाहायचा तर फॉर्म २६ एएस उघडायचा: तुमच्या पॅनवर वर्षभरात जमा झालेला कर त्यात दिसतो. रिफंड म्हणजे त्यातला जास्तीचा भाग. सरकारी बक्षीस नव्हे, आपलेच पैसे.

साडूचे चाळीस हजार कुठून आले, हे मी विचारलं नाही. पण १४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्यांतले काही जण रिफंडावर कमिशन घेत होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे आपणहून मागं घेतले होते. गुरुजींनी आकडा ऐकला आणि फॉर्म सोळाची घडी घातली.

तेवढ्यात नातवाबरोबर एक आजी आल्या. बँकेतल्या ठेवींवर १ लाख १० हजार व्याज झालेलं, बँकेनं १० टक्क्यांनी ११ हजार कापलेले. वयोवृद्धांचा पंधरा एच फॉर्म भरला असता तर कापलेच नसते. आजींना रिफंड हा शब्दच ठाऊक नव्हता. त्या आल्या होत्या नातवाच्या कर्जासाठी बँकेनं मागितलेल्या आयटीआरची चौकशी करायला. "आजी, तुमचे अकरा हजार सरकारकडं पडलेत," म्हटल्यावर त्यांनी आधी नातवाकडं संशयानं पाहिलं. उशीर झाला तर सरकार महिन्याला अर्धा टक्का व्याजही देतं, आणि गंमत म्हणजे ते व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावं लागतं.

गुरुजी अजून बसलेलेच होते. बागेचं उत्पन्न यंदा ५ लाखांवर गेलंय, म्हणाले. मग रिटर्नमध्ये जमिनीचा तपशील द्यावा लागतो: जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की खंडानं. सल्लागारांनी सांगली टाकलं, ४१५३०१ टाकलं, एकर टाकले. पुढचा रकाना आला: जमीन बागायती की कोरडवाहू?

गुरुजी थांबले. "टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधीचं सांगू, का आत्ताचं?"