सफाळे दोन नंबरला कसं?

सफाळ्याला राहणाऱ्या कुणालाही विचारा, विरारपासूनची स्थानकं एका दमात सांगेल: विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. झाली नऊ! आता ही यादी संगणकात ठेवायची. कशात ठेवाल?

एक सोय म्हणजे ॲरे. संगणकाच्या स्मृतीत एकाला एक लागून नऊ सारखे कप्पे. गंमत म्हणजे मोजणी शून्यापासून! विरार 0, वैतरणा 1, सफाळे 2. हा आकडा सांगतो, सुरुवातीपासून किती कप्पे ओलांडायचे. समजा, यादी 1000 या पत्त्यावर सुरू झाली आणि प्रत्येक कप्पा 4 बाइटचा आहे. मग सफाळे 1000 + 2 × 4, म्हणजे 1008 वर. डहाणू रोड? 1032 वर. शोधाशोध नाहीच, नुसता गुणाकार आणि बेरीज! यादी नऊ लाखांची असली तरी वेळ तेवढाच. मला तर हे आजही जादूसारखं वाटतं.

पण उद्या सफाळे आणि केळवे रोडच्या मध्ये माकुणसारला नवं स्थानक झालं तर? जावा भाषेतला ॲरे एकदा नऊचा केला की नऊचाच. दहावा कप्पा जोडता येत नाही.

तिथे कामाला येते ॲरेलिस्ट. तिच्या पोटातही ॲरेच असतो, पण तो भरला की ती गुपचूप साधारण दीडपट मोठा नवा ॲरे घेते आणि सगळी नावं त्यात उतरवते. माकुणसारसाठी मात्र केळवे रोडपासूनच्या सहाही नावांना एकेक घर पुढे सरकावं लागतंच.

आणखी एक खुबी आहे. 2004 साली जावात ‘जेनेरिक’ प्रकार आले. त्याआधी अशा लिस्टमध्ये काहीही कोंबता यायचं, नावांमध्ये एखादा आकडासुद्धा! आता ‘हिच्यात फक्त नावं’ असं आधीच लिहून ठेवता येतं. चुकून 42 टाकायला गेलात, तर प्रोग्रॅम चालू होण्याआधीच चूक दाखवली जाते.

मग कोण चांगलं? फोटोतले ठिपके आधीच ठरलेले असतात, त्यांना ॲरेच द्या. वाढत जाणारी स्थानकांची यादी मात्र मी जेनेरिक लिस्टमध्येच ठेवीन. तुम्ही तुमच्या वर्गाची हजेरी कशात ठेवाल?