माठ, मे महिना आणि तापलेला लॅपटॉप

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालं, की शेंद्र्याची एमआयडीसी मागे पडते आणि करमाड येतं. मे महिन्यात या भागात पारा ४२ अंशांपर्यंत चढतो. दारं-खिडक्या लावल्या तरी धूळ घरात येतेच. नेमके हेच दिवस अर्ज भरायचे, प्रवेशाचे. आणि याच दिवसांत घरातला जुना लॅपटॉप अडखळायला लागतो, त्याचा पंखा घरघरतो, काम अर्ध्यावर असताना तो बंद पडतो. ‘व्हायरस आला’ असं म्हणून आपण त्याला पिशवीत घालतो आणि शहराची वाट धरतो. त्याआधी त्याला हात लावून पाहा. खालची बाजू चटका देत असेल, तर निदान तिथूनच सुरू होतं.

लॅपटॉपच्या पोटातला माठ

प्रोसेसरची उष्णता बाहेर नेण्यासाठी लॅपटॉपमध्ये तांब्याची चपटी, बंद नळी असते. तिच्यात अगदी थोडं पाणी असतं आणि हवेचा दाब जवळजवळ नसतो, म्हणून ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येतं. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेतं. आपला माठ याच गुणावर थंड राहतो.

नळीच्या थंड टोकाला धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा फेकतो. उष्णता किती वेगाने बाहेर पडेल, हे जाळी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जाळी ८० अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल, तर फरक ५५ अंशांचा. खोली ४२ अंशांवर गेली की तो ३८ वर येतो. म्हणजे तोच पंखा, तीच जाळी, पण बाहेर जाणारी उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने घटली. त्यात पात्यांच्या फटींत धुळीचा नमदा बसला असेल, तर हवेला वाटच राहत नाही. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि १०० अंशांच्या आसपास पोचला की यंत्रच बंद करतो.

उपाय साधा आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवा. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा, कारण लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर मदरबोर्डला इजा होते. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअरने थोडी-थोडी हवा मारा. काही वर्षं जुन्या यंत्रात प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. धातूच्या दोन पृष्ठभागांमधल्या सूक्ष्म फटींत हवा राहू नये, म्हणून ती लावतात. पेस्ट हवेपेक्षा शंभरपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. जुनी पुसून डाळीच्या दाण्याएवढी नवी लावली, की पुरते.

चालूच होत नसेल तर

इथे वाट विजेच्या मागोमाग जाते. आधी सॉकेटला दुसरं काही लावून पाहा. मग चार्जर. गोल पिनच्या चार्जरवर दाब छापलेला असतो, बहुधा १९ किंवा १९.५ व्होल्ट. मल्टिमीटरवर तेवढाच दिसला, तर चार्जर बहुधा ठीक आहे. टाइप-सी चार्जरला मात्र ही कसोटी लावू नका. लॅपटॉपशी जोडल्याशिवाय तो पूर्ण दाब देतच नाही.

चार्जर ठीक असेल, तर तो काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून ठेवा. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेला विद्युतभार निघून जातो आणि अडकलेलं सर्किट नव्याने सुरू होऊ शकतं.

दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळा? टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र दिसलं, तर पडद्यामागचा प्रकाश गेलाय. मग टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडा. टीव्हीवर चित्र आलं, तर दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. तिथेही नसेल, तर रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने हलकेच पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. त्याआधी धातूच्या नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते. तिचा झटका आपल्याला जाणवतो तो ३,००० व्होल्टच्या आसपास, चिपला मात्र त्याहून कितीतरी कमी दाबही मारक ठरतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झालं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

इथे थांबा

हार्ड डिस्क टकटक करू लागली, तर दुरुस्ती बाजूला ठेवा आणि फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. बॅटरी फुगली असेल, तर चार्जिंग तत्काळ बंद करा. लिथियम-आयन बॅटरीतलं रसायन विघटित होऊन आत वायू साठलेला असतो. तिला टोचणं, दाबणं म्हणजे आगीला आमंत्रण. ती जाणत्या कारागिराच्या हातूनच काढून घ्या आणि कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. मदरबोर्डवरचं काम तर सोल्डरिंगचा सराव असलेल्या माणसाचंच.

२०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला पाव भागही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी पोर्टल सुरू केलं. पण हा हक्क वापरायचा, तर झाकण उघडायची भीती आधी जायला हवी. येत्या उन्हाळ्याआधी एखाद्या रविवारी घरातल्या मुलामुलींना सोबत घ्या आणि ती जाळी स्वच्छ करा. माठ जसा आपण दर उन्हाळ्यात आतून-बाहेरून घासून पुन्हा मांडतो, तसंच हेही.