एक टेबल भाड्याने देणे आहे

नेपल्सला लोक पॉम्पेई बघायला जातात. मी गेलो ते एक टेबल बघायला. बायकोने कपाळाला हात लावला, पण आली.

समुद्राकाठच्या व्हिला कोमुनाले बागेत, झाडांआड एक पांढुरकी इमारत आहे : स्तात्सिओने झूलॉजिका. आंतोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1872 साली ती उभारायला घेतली. खाली मत्स्यालय, वर प्रयोगशाळा. खालच्या तिकिटांवर वरचा खर्च निघेल असा हिशेब. तो काही पुरता जमला नाही. मग त्याने जी शक्कल लढवली, तिच्यावर मी कॉलेजात असल्यापासून फिदा आहे. त्याने टेबलं भाड्याने दिली! विद्यापीठांनी आणि सरकारांनी वर्षाचं भाडं भरायचं, आपला माणूस पाठवायचा. टेबलाबरोबर काचसामान, रसायनं, ग्रंथालय आणि मुख्य म्हणजे कोळ्यांनी पकडून आणलेले ताजे, जिवंत प्राणी. खाणावळीत डबा लावावा तसे प्राणी लावायचे.

आमच्या कॉलेजच्या म्युझियममधला ऑक्टोपस फॉर्मॅलिनमध्ये पडून उकडलेल्या कोबीसारखा झाला होता. त्यामुळे नेपल्सच्या साल्वातोरे लो बियांकोबद्दल वाचलं तेव्हा मला हेवा वाटला. हा पोरसवदा वयात तिथे कामाला लागला. पुढे नाजूक जेलीफिशसुद्धा जिवंत वाटावी अशी टिकवू लागला आणि ती युक्ती त्याने कितीतरी वर्षं गुप्त ठेवली. स्वयंपाकघरातलं माप न सांगणाऱ्या आज्यांच्या जातीचा माणूस.

टेबलाला शेजार असतो, हे मला डोर्नच्या योजनेतलं खरं मर्म वाटतं. डावीकडे जर्मन, उजवीकडे इंग्रज, मध्ये अमेरिकन. आयडा हाइड ही अमेरिकन बाई 1896 साली हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळवून इथे आली. परतल्यावर तिने पुढाकार घेतला आणि बायकांनी संस्था काढून, वर्गणी जमवून खास स्त्री-संशोधकांसाठी एक टेबल घेतलं. याच इमारतीतल्या एका दालनात चित्रकार हान्स फॉन मारेसने 1873 मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. कोळी, वल्हवणारे, संत्र्यांची बाग. आणि एका भिंतीवर मांडवाखाली बसलेले डोर्न आणि त्याचे मित्र. तिथेही पुढ्यात टेबल! मी इतका वेळ उभा राहिलो की बायको बाहेर जाऊन कॉफी पिऊन आली.

आपल्याकडची टेबलाची गोष्ट केंब्रिजची. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी आणि लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण, तिथल्या जीवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा जागा नव्हती. तिथलेच संशोधक डेरेक रिश्टर यांनी आपलं जादा टेबल दिवसा वापरायला दिलं. रात्री त्याच टेबलावर ते स्वतः झोपत, असं सांगतात. पुढे बाईंनी बटाट्यावर काम करत वनस्पतींमधलं सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन दाखवून दिलं. 1939 मध्ये पीएचडी. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. हल्ली तेवढी प्रस्तावना असते.

परक्या प्रयोगशाळेत असं टेबल मिळवायची आजची व्यवस्था एका दमात सांगतो. युरोपात 1987 पासून विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा इरास्मस कार्यक्रम आहे. भारतीय विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात अमेरिकी प्रयोगशाळेत नेणारा खुराना प्रोग्रॅम आहे. बाकी ईमेल, शिफारसपत्रं, व्हिसा. माहितीपत्रकांत ‘एक्स्पोजर’ हा शब्द दिसला की मी पान उलटतो. पोराला बसायला कुठलं टेबल आणि शेजारी कोण, एवढंच मी विचारतो.

माझी भाची गेल्या वर्षी युरोपातल्या एका सागरी प्रयोगशाळेत दीड महिना होती. एका रात्री साडेअकराला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे आठ वाजले होते. “मामा, झोपला नाहीस ना?” तिने काटेरी चेंडूसारखा सी अर्चिन बीकरच्या तोंडावर उपडा ठेवला होता, आणि त्यातून शेंदरी रेघांसारखी अंडी पाण्यात ओघळत होती. मग शुक्राणूंचा एक थेंब. मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला लावून तिने आकडे मोजायला सुरुवात केली. मिनिटभरात अंड्याभोवती पारदर्शक कडं उचललं गेलं, दूध तापताना साय सुटावी तसं.

“आता दोन पेशी व्हायला तासभर तरी जाईल,” ती म्हणाली. “तू झोप.”

मी चहा टाकला. शेजारच्या टेबलावरचा मुलगा, बहुधा पोर्तुगीज, तिला खुर्ची सरकवून देत होता. त्याचीही अंडी तासभराने दुभंगणार होती.