कूलर लावला की आरसीसीबी का पडते? दोष न्यूट्रलचा असू शकतो

पुसदवरून बोलतोय. एप्रिल लागला की आपल्याकडे घरोघरी कूलर सुरू होतात, आणि मला एक तक्रार वारंवार ऐकू येते: "भाऊ, वरच्या मजल्यावर कूलर लावला की आरसीसीबी पडते. वायरमन म्हणतो खराब झाली, काढून टाकू."

थांबा. काढू नका. आधी न्यूट्रल बघा.

खाली मालक, वर भाडेकरू अशी घरं आपल्याकडे बरीच आहेत. नंतर मजला चढतो तेव्हा वर नवा फेज ओढतात, पण तार वाचवायला न्यूट्रल जवळच्याच जुन्या लाईनीतून घेतात. पंखा फिरतो, लाईट लागतो, कुणाला काही कळत नाही.

आता साधा हिशोब. करंट फेजमधून जातो, न्यूट्रलमधून परत येतो. आरसीसीबी एवढंच बघते: गेला तेवढा परत आला का? घरात सहसा 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असते. तेवढा फरक पडला की ती लाईन तोडते, कारण तो करंट कुणाच्या अंगातून जमिनीत जात असू शकतो. वरच्या कूलरचा करंट दुसऱ्याच लाईनीच्या न्यूट्रलने परत गेला, तर तिच्या लेखी तो हरवला. म्हणजे आरसीसीबी बरोबर आहे, वायरिंग चुकलंय. ती काढली, तर ज्या दिवशी ओला हात कूलरच्या पत्र्याला लागेल आणि पत्र्यात करंट असेल, त्या दिवशी वाचवणारं कुणी नसेल.

दुसरी गोष्ट. एमसीबी साधारण फेजवर असते. एकाच फेजवरच्या दोन लाईनी 10-10 अँपिअर घेत असतील, तर सामायिक न्यूट्रलमधून 20 जातात. दोन्ही एमसीबी निवांत, आणि भिंतीत तार तापतेय.

तिसरी गोष्ट फेज वेगळे असतील तेव्हाची. दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात. सामायिक न्यूट्रल तुटला, की खालचं आणि वरचं सामान एकामागे एक जोडल्यासारखं होऊन त्या 400 वर चालतं. खाली 1000 वॉटची इस्त्री आणि वर 100 वॉटचा बल्ब असेल, तर बल्बवर जवळपास 364 व्होल्ट येतात, इस्त्रीवर फक्त 36. बल्बच्या जागी तुमचा टीव्ही धरा! एकीकडे लाईट मंद आणि दुसरीकडे लख्ख दिसला, तर लगेच मेन बंद करा.

वायरमन मित्रांनो, वरची एमसीबी पाडली म्हणून न्यूट्रलचा जोड सोडू नका. दुसऱ्या लाईनीचा करंट त्यातूनच जात असतो. जोड शाबूत असताना टेस्टर पेटत नाही. तो सुटला की एक टोक जिवंत होतं.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक एक न्यूट्रल दोन लाईनींना देताना दिसतात. तिथे 120 व्होल्टच्या दोन उलट बाजू असतात, न्यूट्रलमध्ये फक्त फरक उरतो आणि दोन्ही ब्रेकर एकदमच बंद होतील अशी सोय करावी लागते. ते बघून इथे प्रयोग नको.

मग करायचं काय? प्रत्येक सर्किटला डीबीपासून शेवटपर्यंत स्वतःचा न्यूट्रल, आणि आरसीसीबीवरच्या सगळ्या लाईनींचे न्यूट्रल तिच्याच पट्टीवर. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तुम्ही स्वतः एक करा: आरसीसीबीवरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबा. पडली नाही, तर मात्र ती खरंच बदलायला झालीये.