ख्रिस्ती धर्मांतील अनंत जीवनाची आशा



आमच्या शेजारीं एक वृद्ध ख्रिस्ती दांपत्य राहत असे. त्यांतील आजीबाई वारल्या तेव्हां शेजारधर्म म्हणून आम्ही दफनभूमीपर्यंत गेलों होतों. प्रार्थना झाली, गीत झालें, आलेल्या प्रत्येकानें मूठमूठ माती लोटली. मंडळी परतूं लागली तेव्हां आजोबांनीं पाळकसाहेबांचा हात धरला आणि हळूच विचारलें, "आमची भेट होईल ना, साहेब? ती मला ओळखील ना?" पाळकसाहेब जाणते गृहस्थ. त्यांनीं चटकन् 'होईल' म्हणून प्रश्न उडवून लावला नाहीं. क्षणभर थांबून ते म्हणाले, "आजोबा, ज्यानें तिला नांवानें हांक मारून नेलें, तो तुम्हांलाहि नांवानेंच हांक मारील." आजोबांचें समाधान झालें कीं नाहीं हें मला सांगतां येणार नाहीं. माझें मात्र झालें नाहीं. आणि त्या उत्तराच्या मागें काय विचार आहे, हें मी पुस्तकांतून शोधूं लागलों. त्या शोधांतील कांहीं भाग आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

पहिली अडचण शब्दाची आहे. 'स्वर्ग' हा शब्द उच्चारतांच मराठी मनापुढें इंद्राची अमरावती, नंदनवन, अप्सरा व कल्पवृक्ष उभे राहतात. आणि त्याबरोबरच हेंहि आठवतें कीं, तो पुण्याचा सांठा आहे तोंपर्यंतचाच मुक्काम आहे. सांठा सरला कीं जीव पुन्हां मृत्युलोकीं. म्हणजे आपल्या परंपरेंत स्वर्ग हें अंतिम ध्येय नव्हेच. विचारी साधकानें त्याकडे पाठ फिरवून मोक्षाची इच्छा धरावी, असेंच शास्त्रें सांगतात. ख्रिस्ती लोक ज्याला स्वर्ग म्हणतात त्यास ही दोन्ही लक्षणें लागू पडत नाहींत. तो पुण्याईनें विकत मिळत नाहीं, आणि मिळाल्यावर संपत नाहीं. मोक्षाशींहि तो पुरता जुळत नाहीं. अद्वैतमतीं मोक्षांत जीवाचें वेगळेपण उरत नाहीं. ख्रिस्ती आशेंत तें उरतें, इतकेंच नव्हे तर तेथेंच तें पूर्णत्वास पोंचतें. आमच्या वारकरी संतांनीं मुक्ति बाजूस सारून देवाची भक्ति व संतांची संगत मागितली. ती वृत्ति ज्याच्या परिचयाची आहे, त्याला ही गोष्ट समजावयास फारशी कठीण जाऊं नये.

हा शब्दांचा पेंच आजचा नाहीं. इंग्लंडांत जन्मलेले व १५७९ सालीं गोव्यास आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचलें, आणि तें १६१६ सालीं रोमन लिपींत छापून निघालें. त्यांनीं स्वर्गासाठीं 'वैकुंठ' हा शब्द मोकळेपणानें योजिला आहे. हें धाडस होतें, पण मला तें सयुक्तिक वाटतें. वैकुंठ म्हणजे केवळ विलासाचें स्थान नव्हे. देव जेथें आहे तें स्थान, व तेथें गेलेला भक्त परत येत नाहीं, हा अर्थ ओव्या ऐकणाराच्या कानांत आधींच मुरलेला होता. पुढील काळच्या मराठी बायबलांत 'स्वर्ग' हाच शब्द स्थिर झाला, आणि त्याच्या जोडीस 'सार्वकालिक जीवन' हा थोडा जड वाटणारा प्रयोग आला. जड खरा, पण मूळ ग्रीक शब्द पाहिले तर तोहि अपुराच पडतो. त्या मूळ शब्दांत 'युगाचें जीवन', म्हणजे येणाऱ्या युगाचें जीवन, असा भाव आहे. नुसतें न संपणारें आयुष्य असा त्याचा अर्थ घेतला तर ती आशा नव्हे, शिक्षाच ठरेल! न सरणाऱ्या म्हातारपणाची इच्छा कोण धरील? योहानाच्या शुभवर्तमानांत येशूच्या तोंडीं या जीवनाचें जें लक्षण घातलें आहे, त्यांत काळाच्या लांबीचा प्रश्नच नाहीं. देवाला व देवानें ज्याला पाठविलें त्याला ओळखणें, हेंच तें जीवन. म्हणून हें जीवन मरणानंतर सुरू होतें असें ख्रिस्ती मनुष्य मानीत नाहीं. तें श्रद्धेबरोबर येथेंच सुरू होतें, आणि मरण त्याला तोडूं शकत नाहीं, असें तो मानतो.

आतां ही आशा जन्मास कशी आली तें पाहूं. यहुदी लोकांच्या प्राचीन ग्रंथांत परलोकाचा बडेजाव मुळींच नाहीं. मेलेला मनुष्य 'शिओल' नांवाच्या मुक्या, अंधाऱ्या प्रदेशांत जातो, एवढेंच पुष्कळ ठिकाणीं म्हटलेलें आढळतें. बदल झाला तो मुख्यतः ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत. सिरियाचा ग्रीक राजा अंतियोख चौथा यानें यहुदी धर्म मोडून काढण्याचा चंग बांधला. ज्यांनीं धर्म सोडला ते जगले, ज्यांनीं सोडला नाहीं ते हालहाल होऊन मेले. मग देव न्यायी कसा? त्या काळच्या दानिएलाच्या ग्रंथांत याचें उत्तर येतें: मातींत निजलेल्यांपैकीं पुष्कळ जागे होतील. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ही आशा केवळ मरणाच्या भीतींतून निघाली नाहीं. ती अन्यायाच्या चिडींतून निघाली. येशूच्या काळीं परूशी नांवाचा पंथ हें मत मानीत असे, आणि यरुशलेमच्या मंदिराशीं निगडित असलेला सदूकी पंथ तें नाकारीत असे.

येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशीं तो उठला, अशी त्याच्या शिष्यांची खात्री झाली, आणि या जुन्या आशेला नवें रूप आलें. जें सर्वांच्या बाबतींत युगाच्या शेवटीं घडावयाचें, तें एकाच्या बाबतींत आधीं घडलें, असें ते म्हणूं लागले. प्रारंभींच्या मंडळ्यांना वाटे कीं तो शेवट अगदीं जवळ आला आहे. आणि येथेंच आमच्या आजोबांचा प्रश्न प्रथम उभा राहिलेला दिसतो. इसवी सन ५० च्या सुमारास ग्रीस देशांतील थेस्सलनीका गांवच्या मंडळींतील कांहीं माणसें मरण पावलीं. मागें राहिलेले घाबरले. प्रभु येईल तेव्हां हे आमचे गेलेले लोक मुकतील कीं काय? पौलानें त्यांस पत्र लिहिलें. 'शोक करूं नका' असें त्यानें त्यांस म्हटलें नाहीं. आशा नसलेल्यांसारखा शोक करूं नका, असें म्हटलें. शोकाला जागा ठेवून त्यानें आशा सांगितली. गेलेले व उरलेले एकत्र होतील, हा त्या पत्राचा गाभा आहे.

पांचएक वर्षांनीं करिंथच्या मंडळीस लिहितांना त्याच्यापुढें निराळाच प्रश्न होता. ग्रीक मनाला आत्म्याचें अमरत्व सहज पटे. प्लेटोनें तें शिकविलेंच होतें. पण शरीर पुन्हां उठणार ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटे. अथेनैमध्यें हाच विषय निघतांच श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं पौलाची थट्टा केली होती. तरीहि त्यानें हा मुद्दा सोडला नाहीं. त्यानें दृष्टांत घेतला तो पेरणीचा. मातींत दाणा टाकतात आणि वर येतें तें रोप. दाणा व रोप एकसारखे नसतात, परंतु एकाचें दुसऱ्याशीं नातें तुटलेलें नसतें. देह म्हणजे टाकून द्यावयाचें जुनें वस्त्र अशी उपमा आपणांस सुपरिचित आहे. पौलाची दिशा याहून वेगळी आहे. देह हा पिंजरा नव्हे, बीं आहे, असें तो सांगतो.

हें मत विरोधकांसहि किती ठाऊक होतें याची एक भयंकर साक्ष इतिहासांत आहे. इसवी सन १७७ मध्यें गॉल प्रांतांतील लुग्दुनुम, म्हणजे आजचें फ्रान्समधील ल्यों, या शहरीं ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. मारलेल्यांचीं प्रेतें सहा दिवस उघड्यावर ठेवून मग जाळण्यांत आलीं व राख ऱ्होन नदींत लोटण्यांत आली. हेतु हा कीं, त्यांना पुन्हां उठण्याची आशाच राहूं नये. युसेबियस या इतिहासकारानें हा वृत्तांत जपून ठेविला आहे. राख वाहून गेली, परंतु मंडळीची श्रद्धा डळमळली नाहीं. ज्यानें मातीपासून मनुष्य केला त्याला राखेची अडचण पडत नाहीं, असें ख्रिस्ती लेखक पुढें सांगत आले. तथापि पुरण्याचीच चाल रूढ राहिली. रोमन कॅथॉलिक पंथांत १८८६ सालीं दहनास स्पष्ट मनाई झाली; ती १९६३ सालीं उठली, मात्र पुनरुत्थान नाकारण्याच्या हेतूनें दहन करूं नये एवढी अट राहिली. आपल्या महाराष्ट्रांत कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ च्या मे महिन्यांत मुंबईस वारले, तेव्हां त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहाचें दहनच झालें. टिळक प्रॉटेस्टंट होते, त्यामुळें ती मनाई त्यांस लागू नव्हती. तरीहि त्या काळच्या ख्रिस्ती समाजांत ही नवलाची गोष्ट होती. अस्सल हिंदी रीतीनें जाणें व पुनरुत्थानाची आशा धरणें यांत त्यांना विरोध दिसला नाहीं.

पण मग मरण व तें उठणें यांच्या मधल्या काळांत जीव कोठें असतो? या प्रश्नानें एका पोपलाहि अडचणींत आणलें. १३३१ सालीं आव्हिन्यों येथें पोप योहान बाविसावे यांनीं प्रवचनांतून असें प्रतिपादिलें कीं, साधुसंतांनाहि देवाचें पूर्ण दर्शन शेवटच्या न्यायाच्या दिवसानंतरच होईल. पॅरिसच्या धर्मपंडितांत खळबळ उडाली. खुद्द पोपला त्याच्याच लोकांनीं चुकीचें ठरविलें! नव्वदीच्या घरांतील त्या वृद्धानें १३३४ सालीं मृत्युशय्येवर आपलें मत परत घेतलें. त्यांच्यामागून आलेल्या बेनेडिक्ट बाराव्यांनीं १३३६ सालीं निर्णय दिला कीं, शुद्ध झालेले आत्मे मरणानंतर लगेच देवाला समोरासमोर पाहतात. त्या शुद्धीसाठीं मध्यें एक अवस्था असते, असें रोमन कॅथॉलिक मानतात व प्रॉटेस्टंट मानीत नाहींत; त्या वादांत आज शिरण्याचें कारण नाहीं.

सोन्याचे रस्ते व मोत्यांच्या वेशी हें जें चित्र लोकांच्या तोंडीं असतें, तें नव्या कराराच्या शेवटच्या ग्रंथांतील आहे. चित्रकारांनीं तें इतकें रंगविलें कीं मूळ मजकूर नीट वाचण्याचें कोणास सुचत नाहीं. त्या वर्णनांत माणसें वर जात नाहींत. नगरी खालीं उतरते, आणि देव मनुष्यांमध्यें वस्तीस येतो. आकाशाबरोबर पृथ्वीहि नवी होते. त्या नगरीची लांबी, रुंदी व उंची सारखीच, बारा हजार स्तादिया, म्हणजे सुमारें २,२०० किलोमीटर! इतक्या उंचीचें शहर कोण बांधतो? हा आंकडा गवंड्यासाठीं नाहीं. शलमोनाच्या मंदिरांतील परमपवित्रस्थान असेंच तिन्ही बाजूंनीं सारखें, वीस हातांचें होतें, आणि पुढील मंदिरांत तेथें मुख्य याजकानेंच, वर्षांतून एकाच दिवशीं, प्रवेश करावयाचा असे. द्रष्ट्याला सांगावयाचें आहे तें हें कीं, सारी नगरीच आतां गाभारा झाली आहे. म्हणूनच तींत निराळें मंदिर नाहीं.

या आशेवर एक मोठा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. परलोकाचें आमिष दाखवून इहलोकींच्या जुलमावर पांघरूण घालतां येतें. अमेरिकेंतील गुलामांच्या मालकांनीं हेंच केलें. येथें निमूट राबा, तेथें सुख मिळेल, अशी प्रवचनें त्यांनीं गुलामांस ऐकविलीं. परंतु गुलामांनीं तीच आशा उचलून आपल्या कामास लाविली. गुलामगिरींतून पळून मुक्त झालेले फ्रेडरिक डग्लस यांनीं १८५५ सालच्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे कीं, ते व त्यांचे सोबती भजनांत 'कनान' देशास जाण्याविषयीं गात, तेव्हां त्यांच्या मनांत उत्तरेकडचा मुक्त मुलूख असे. मालकाला त्यांत केवळ परलोक ऐकूं येई. आशा कोणाच्या तोंडीं आहे यावर पुष्कळ अवलंबून असतें, असें मला वाटतें.

आतां आजोबांकडे वळूं. त्यांच्या प्रश्नासारखा प्रश्न सदूकी लोकांनीं येशूला टाकला होता, पण खोडसाळपणें. एका स्त्रीचे एकामागून एक सात भावांशीं विवाह झाले. पुनरुत्थानीं ती कोणाची बायको? येशूनें उत्तर दिलें कीं, तेथें लग्न करणें वा करून देणें नाहीं. हें उत्तर कित्येक विधुरांना व विधवांना कठोर वाटलें असेल. पण त्याच उत्तरांत पुढें तो म्हणतो कीं, देव आपणास अब्राहामाचा, इसहाकाचा व याकोबाचा देव म्हणवितो, आणि तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे. तीन माणसें, तीन नांवें, तिन्ही देवाच्या स्मरणांत कायम. नातें कोणत्या रूपानें उरेल हें तो सांगत नाहीं. नांव पुसलें जात नाहीं, इतकें सांगतो. पाळकसाहेबांच्या उत्तराचा उगम मला येथें सांपडला. त्यांना जितकें ठाऊक होतें त्याहून एक शब्दहि त्यांनीं अधिक सांगितला नव्हता.

मी हें आजोबांना सांगितलें तेव्हां ते आजीबाईंच्या कबरीवरील दगडाच्या खटपटींत होते. रोम शहराखालील भुयारी दफनभूमींत प्राचीन ख्रिस्ती लोकांनीं कबरींवर नांगराचें चित्र कोरलेलें आढळतें. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत आशेला जिवाचा नांगर म्हटलें आहे, त्यावरून. आजोबांना तेंच चित्र हवें होतें. पाथरवटानें विचारलें, "शेताचा नांगर कीं हो, बाबा? तुमची शेती होती वाटतें?" आजोबा हंसले, आणि खिशांतून कागद काढून त्यांनीं त्याला जहाजाचा नांगर काढून दाखविला.