साल्व्हियाची कुंडी, भाताचं खाचर

दिवाळीनंतर मीरा-भाईंदरच्या गॅलऱ्यांत लालभडक साल्व्हिया फुलू लागतो. त्याची काडी बोटांत फिरवून बघा, तुळशीसारखी चौकोनी लागते. दोघांचं कूळ एकच. भाताची काडी गोल आणि पोकळ. भाताच्या काडीपासून मुळापर्यंत हवेच्या वाटा असतात, म्हणून लावणीनंतर साचल्या पाण्यात त्याची मुळं गुदमरत नाहीत. साल्व्हियाला ही सोय नाही. श्रावणात कुंडीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात आणि झाड मान टाकतं. बी पाऊस ओसरल्यावर, वरवर पेरावं. रुजायला त्याला उजेड लागतो. कुंडीचं भोक मोकळं आहे ना, हे आधी पाहावं.

खाडीकाठच्या मिठापुढे मात्र भातही नाजूक, विशेषतः कोवळ्या रोपात आणि निसवताना. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्यासाठीच ‘पनवेल १’सारखे क्षार सोसणारे वाण काढले. शिवाय जोरदार पावसाने वरचं मीठ धुऊन गेलं की मगच लावणी करतात. कुंडीत अशी धुलाई होत नाही, तेव्हा खाजणातली माती त्यात भरूच नये. लाल माती, कुजलेलं शेणखत, थोडी वाळू पुरते. भाताला दिवसभर ऊन हवं. साल्व्हियाला सकाळचं ऊन आणि दुपारी जराशी सावली मानवते.